४१ वस्तूंची यादी आणि अडीच तासांचे विमान

प्रश्न : माझी आई ७१ वर्षांची आहे. तिला मधुमेह असून ती इन्सुलिन घेते. तिच्या खुब्याच्या सांध्याची शस्त्रक्रिया साथीमुळे दोनदा पुढे ढकलावी लागली. आता तारीख मिळाली आहे, पण रुग्णालय माझ्या भावाच्या शहरात आहे आणि कोविडचे रुग्ण पुन्हा वाढू लागले आहेत. रस्त्याने सोळा तास लागतात. इतका वेळ बसणे आईला शक्य नाही, म्हणून विमानाने जायचे ठरवले आहे. माझा नऊ वर्षांचा मुलगाही बरोबर असेल, कारण त्याला मागे ठेवण्याची सोय नाही. आम्हा तिघांचे लसीकरण झालेले आहे. सकाळचे थेट विमान अडीच तासांत पोहोचते. दुपारचे विमान वाटेत बदलावे लागते, पण ते बरेच स्वस्त आहे. सामानाची यादी करायला बसले, ती ४१ वस्तूंची झाली. सोबत जोडली आहे. तिच्यात काय राहिले ते सांगाल का? अशा दिवसांत म्हाताऱ्या माणसाला विमानात बसवणे म्हणजे वेडेपणा आहे, असे नातेवाईक म्हणतात. ते बरोबर असतील का, ही शंकाही मनातून जात नाही.
— एक लेक

उत्तर : तुमची यादी मी दोनदा वाचली. राहिलेल्या गोष्टी तीन-चारच आहेत आणि त्यांतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट बॅगेत भरता येणारी नाही. उलट, बिनदिक्कत काढून टाकाव्यात अशा वस्तू मी मोजल्या, त्या सोळा भरल्या.

आधी नातेवाइकांच्या आक्षेपाविषयी. आई विमानात बसली नाही तर ती सुरक्षित राहील, असे त्यांनी गृहीत धरलेले दिसते. पण तुमच्यापुढे तो पर्यायच नाही. शस्त्रक्रिया तिसऱ्यांदा पुढे ढकलणे किंवा सोळा तासांचा रस्ता, अनेक थांबे आणि अनोळखी स्वच्छतागृहे, एवढेच दोन पर्याय उरतात, आणि दुखऱ्या खुब्याने अंथरुणाला खिळत जाणे हेही वृद्ध माणसाच्या दृष्टीने धोक्याचेच असते. त्यामुळे जाण्याचा तुमचा निर्णय मला योग्य वाटतो. कसे जायचे, इतकाच प्रश्न आहे.

विमानाच्या बंद डब्यातील हवेची लोकांना सर्वाधिक भीती वाटते, परंतु उडत्या विमानातील हवा बहुतेक बंद खोल्यांपेक्षा चांगली असते. मोठ्या प्रवासी विमानांत केबिनमधली हवा तासाला साधारण २० ते ३० वेळा बदलली जाते. त्यात निम्मी हवा बाहेरची असते आणि निम्मी हेपा फिल्टरमधून गाळून आत सोडलेली असते. हे फिल्टर ०.३ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आकाराचे ९९.९७ टक्के कण अडवतात. हवा छताकडून खाली येते आणि साधारण त्याच ओळीच्या पायथ्याशी, बाजूच्या भिंतीतल्या जाळीतून बाहेर ओढली जाते. तरीही ही यंत्रणा शेजारच्या माणसाच्या खोकल्यावर मात करू शकत नाही. कोविडसारख्याच श्वसनाच्या आजाराच्या, सार्सच्या साथीत, मार्च २००३मध्ये, हाँगकाँगहून बीजिंगला गेलेल्या तीन तासांच्या एका विमानात १२० जण होते आणि त्यांच्यात लक्षणे असलेला एक रुग्ण होता. पुढे त्यांच्यातल्या २२ जणांना आजार झाला आणि त्यांपैकी काही जण त्या रुग्णापासून अनेक ओळी दूर बसलेले होते.

मला अधिक काळजी वाटते ती जमिनीवरच्या तासांची. प्रवेशद्वारावरची रांग, सुरक्षा तपासणीची रांग, दाराशी उभे राहून पाहिलेली वाट, विमानापर्यंत नेणारी भरलेली बस, आणि विमान थांबल्यावर सगळे एकदम उठून मधल्या वाटेत खांद्याला खांदा लावून उभे राहतात ती दहा मिनिटे, या सर्व ठिकाणी ना हेपा फिल्टर असतो, ना अंतर. विमान जमिनीवर उभे असताना त्याचे वायुवीजन पूर्ण वेगाने चालू असेलच, असेही नाही. त्यामुळे थेट विमान की बदलावे लागणारे, या प्रश्नाचे उत्तर माझ्या दृष्टीने तिथेच मिळते. दुसऱ्या विमानाबरोबर हे सगळे जमिनीवरचे टप्पे पुन्हा एकदा पार करावे लागतात, तेही आईच्या दुखऱ्या खुब्यासह आणि तिच्या जेवणाच्या व इन्सुलिनच्या वेळा सांभाळत. यादीतल्या त्या सोळा वस्तूंचे पैसे वाचवा आणि ते सकाळच्या तिकिटाला लावा.

तिकीट मात्र तारीख बदलता येईल असेच घ्या. बॅगेत भरता येणार नाही अशी जी गोष्ट मी म्हटली, ती हीच. प्रवासाच्या सकाळी तुमच्या मुलाचा घसा दुखू लागला, तर काय कराल? तिकिटाचे पैसे बुडणार असतील, भाऊ रजा घेऊन बसला असेल आणि शस्त्रक्रिया चार दिवसांवर आली असेल, तर त्याला तापाचे औषध देऊन दामटून नेण्याचा मोह कोणालाही होईल. तो मोह होऊ नये याची व्यवस्था आधीच, शांत डोक्याने करायची असते. म्हणून आजच तिघांनी बसून ठरवा की कोणालाही ताप, खोकला, घसादुखी किंवा नवी अंगदुखी जाणवली, तर त्या दिवशी निघायचे नाही, आणि विमानतळावर ताप दिसू नये म्हणून औषध तर मुळीच घ्यायचे नाही. आईलाही हे स्पष्ट सांगा, कारण लेकीची धावपळ वाया जाऊ नये म्हणून दुखणे लपवणाऱ्या आया मी पुष्कळ पाहिल्या आहेत.

याच कारणासाठी शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी पोहोचण्याचा बेत करू नका. दाखल करून घेण्यापूर्वी रुग्णालय कोविडची चाचणी करू शकते आणि ती पॉझिटिव्ह आली तर तिसऱ्यांदा तारीख जाईल. कोविडच्या पहिल्या लाटांमध्ये संसर्गापासून लक्षणे दिसेपर्यंत बहुधा पाचेक दिवस जात आणि कधी कधी हा काळ १४ दिवसांपर्यंत लांबे. विषाणूच्या नंतरच्या प्रकारांत तो कमी झाला. प्रवासात काही लागलेच, तर ते कळायला पुरेसे दिवस हाताशी असावेत. एक आठवडा आधी पोहोचावे, दहा दिवस मिळाले तर उत्तम. नेमके किती दिवस हवेत, ते शल्यचिकित्सकांना विचारा. निघण्याआधीच्या आठवड्यातही घरी येणेजाणे थांबवा. निरोप द्यायला येणारी माणसे हा प्रवासाचा सर्वांत दुर्लक्षित धोका आहे.

आता बॅग. तुमच्या यादीत मास्क सातव्या क्रमांकावर आहेत, ते पहिल्या क्रमांकावर न्या. तुमच्यासाठी आणि आईसाठी एन-९५ प्रतीचे मास्क घ्या, पण झडप असलेले घेऊ नका, कारण झडपेतून सोडलेला श्वास न गाळताच बाहेर जातो. हा मास्क योग्य बसला तर तो किमान ९५ टक्के सूक्ष्म कण अडवतो. ‘योग्य बसला तर’ या शब्दांवरच सगळी भिस्त आहे. नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून बसवा, दोन्ही तळहात मास्कवर ठेवा आणि जोरात श्वास सोडा. डोळ्यांकडे किंवा गालांकडे वारा लागला, तर मास्क गळतो आहे. आईच्या चष्म्यावर वाफ धरते अशी तक्रार तुम्ही केली आहे आणि त्यावर उपाय म्हणून काचांना लावायचे द्रव यादीत घातले आहे. ते द्रव काढून टाका. ती वाफ म्हणजे नाकापाशी फट असल्याची खूण आहे. ती पुसण्याऐवजी पट्टी पुन्हा बसवा. कानांत अडकवायच्या दोऱ्यांपेक्षा डोक्यामागून जाणारे पट्टे असलेला मास्क अधिक घट्ट बसतो आणि कानांमागे दुखतही नाही.

मुलाच्या बाबतीत मोठ्यांचा एन-९५ लहान चेहऱ्यावर सैल बसतो. त्यापेक्षा त्याच्या मापाचा, तीन पदरी आणि कडेने न उघडणारा मास्क चांगला. घरातून निघून भावाच्या दारात पोहोचेपर्यंत पाच-सहा तास मास्क ठेवावा लागेल आणि एवढा वेळ तो त्या दिवशी प्रथमच लावून चालणार नाही. आजपासून रोज संध्याकाळी तिघांनी मास्क लावून बसा. पहिल्या दिवशी अर्धा तास, मग एक, मग दोन. आईला गुदमरल्यासारखे वाटते का, हे घरी कळलेले बरे. माणशी तीन मास्क पुरतात. ओला झालेला किंवा तुटलेला मास्क बदलता यावा आणि वापरलेले मास्क बंद करून ठेवायला एक वेगळी पिशवी असावी, एवढे बघा.

काढून टाकायच्या वस्तू थोडक्यात सांगतो. संपूर्ण अंग झाकणारा पीपीई पोशाख नको. तो घालणे सोपे असते, पण स्वतःला न माखता उतरवणे अवघड असते, आणि त्यासाठी आरोग्य कर्मचाऱ्यांना मुद्दाम शिकवले जाते. हातमोजेही नकोत, कारण मोजा घातलेला हात मळतोच आणि तोच हात नाकाकडे जातो, शिवाय मोजा घातल्यावर हात धुण्याची आठवण राहत नाही. नुसती फेस शील्ड कडेने उघडी असते, त्यामुळे ती मास्कची जागा घेऊ शकत नाही. जंतुनाशक फवाऱ्याचे दोन डबे आणि ब्लीचची बाटली घरीच ठेवा; ब्लीच तर विमानात कोणत्याही सामानातून नेऊ देत नाहीत. पृष्ठभागांची भीती आता पुष्कळ कमी करायला हरकत नाही. २०२०मध्ये प्रयोगशाळेत हा विषाणू प्लॅस्टिकवर ७२ तासांपर्यंत सापडला होता, ती बातमी सर्वांच्या लक्षात राहिली. पुढे एप्रिल २०२१मध्ये अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने, दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागल्याने संसर्ग होण्याची शक्यता दहा हजारांत एकापेक्षाही कमी असल्याचे सांगितले, ते मात्र फारसे कोणी वाचले नाही. समोरचा ट्रे आणि हाताचे दांडे एकदा ओल्या जंतुनाशक पुसणीने पुसा आणि तिथेच थांबा.

सॅनिटायझरची अर्ध्या लिटरची बाटली नको, प्रत्येकाच्या खिशात एक लहान बाटली पुरे. त्यात किमान ६० टक्के अल्कोहोल असल्याचे लेबलवर पाहून घ्या. केबिनमध्ये द्रव किती नेता येतो याचे नियम देशागणिक वेगळे आहेत. १०० मिलिलिटरची बाटली जवळपास कुठेही अडत नाही. बाटली काठोकाठ भरू नका. विमानातल्या हवेचा दाब समुद्रसपाटीपासून सहा ते आठ हजार फूट उंचीवर असावा इतका उतरतो आणि भरलेल्या बाटलीचे झाकण गळू लागते. पॉवर बँक चेक-इनच्या सामानात टाकली आहे, ती तेथून काढून हातातल्या पिशवीत घ्या. लिथियमच्या सुट्या बॅटऱ्या सामानाच्या कक्षात नेण्यास मनाई आहे. तापमापक पाऱ्याचा लिहिला आहे, त्याऐवजी डिजिटल घ्या. रक्तातील ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिमीटर अवश्य घ्या, पण तो विमानात काढू नका. कमी दाबामुळे तेथे निरोगी माणसाचाही आकडा काही टक्क्यांनी खाली येतो, आणि तो आकडा पाहून तुमचा आणि आईचा जीव विनाकारण टांगणीला लागेल.

आईच्या औषधांबाबत मात्र यादी अपुरी आहे. तुम्ही दहा दिवसांची औषधे लिहिली आहेत. मुक्काम महिन्याचा आहे, म्हणून महिन्याची घ्या आणि वर १४ दिवसांची जास्त घ्या, कारण तुम्हा तिघांपैकी कोणीही आजारी पडले तर परतीची तारीख तुमच्या हातात राहत नाही. सर्व औषधे हातातल्या पिशवीत, मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह असावीत. इन्सुलिन तर चेक-इनच्या सामानात कधीच देऊ नये. सामान हरवू शकते, हे एक कारण झाले; शिवाय सामानाच्या कक्षात ते गोठण्याची भीती असते, आणि एकदा गोठलेले इन्सुलिन वितळल्यावर जसेच्या तसे दिसले तरी निकामी झालेले असते. याच कारणाने ते बर्फाच्या पाकिटाला थेट चिकटवून ठेवू नका, मध्ये कापडाची घडी घाला. सध्या वापरात असलेले इन्सुलिनचे पेन बहुतेक प्रकारांत खोलीच्या तापमानाला चार आठवड्यांपर्यंत चालते, त्यामुळे अडीच तासांच्या प्रवासात त्याच्या थंडाव्याची फार चिंता नको. पेनला सुई लावून ठेवू नका, कारण दाब बदलला की सुईवाटे हवा आत शिरून बुडबुडे होतात. ग्लुकोमीटर, त्याच्या पट्ट्या आणि साखर उतरल्यास लगेच तोंडात टाकायला ग्लुकोजच्या गोळ्या आईच्या स्वतःच्या पर्समध्ये असू द्या, वरच्या कप्प्यात नव्हे. पट्टा बांधण्याची सूचना लागलेली असताना तुम्हाला उठता येणार नाही.

खाण्याचा प्रश्न यातूनच येतो. बरोबर खाणे असावेच, पण ते विमानात सगळे एकाच वेळी मास्क उतरवून खातात तेव्हा खाऊ नये. तपासणी झाल्यावर प्रतीक्षा कक्षातला रिकामा कोपरा शोधा आणि आईला तिथे, तिच्या वेळेवर खाऊ घाला. विमानात साखर उतरल्यासारखे वाटले तर मात्र मास्कचा विचार न करता आधी खावे. त्या क्षणी तो धोका मोठा असतो. पाण्याचे एवढे कडक करू नका. स्वच्छतागृहात जावे लागू नये म्हणून आदल्या रात्रीपासून पाणी टाळायचे, असे आईने ठरवल्याचे तुम्ही लिहिले आहे. तिला हे करू देऊ नका. विमानातील हवा अतिशय कोरडी असते, आर्द्रता बहुधा २० टक्क्यांच्याही खाली असते, आणि एका जागी बसून पाय आखडलेल्या, लवकरच शस्त्रक्रियेला सामोरे जाणाऱ्या बाईने पाणी कमी पिणे अजिबात बरे नाही. मास्क क्षणभर खाली करून दोन घोट घ्यावेत आणि तो पुन्हा लावावा. पायांत रक्ताची गुठळी होण्याविषयी डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. बसल्या जागी दर अर्ध्या तासाने घोटे गोल फिरवणे तर कोणालाही जमते.

आसनांविषयी तुम्ही विचारलेले नाही, पण ते ठरवणे आवश्यक आहे. २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी अमेरिकेतील दहा लांब पल्ल्याच्या विमानांत बसून प्रवाशांची ये-जा टिपली होती. खिडकीशी बसलेल्यांचा इतरांशी येणारा संपर्क सर्वांत कमी आढळला, कारण ते स्वतः कमी उठतात आणि वाटेने जाणारेही त्यांच्यापासून दूर राहतात. आईला पाय लांबवायला वाटेकडची जागा सोयीची, हे मला कळते. तरी एका ओळीतल्या तिन्ही जागा तुम्हीच घ्या. आईला खिडकीशी, मुलाला मध्ये आणि तुम्ही वाटेकडे बसा. तिला उठायचे असेल तेव्हा उठावे लागणारे दोघेही घरचेच असतील, अनोळखी माणसाला ओलांडण्याचा प्रसंग येणार नाही. डोक्यावरचा हवेचा झोत सुरू ठेवा. विमान उतरल्यावर बसून राहा, मधली वाट मोकळी होऊ द्या, मगच उठा. मोठ्या बॅगा चेक-इनमध्ये दिलेल्या असल्या आणि हातातली पिशवी पायाशी मावत असली, तर वरच्या कप्प्यासाठी त्या गर्दीत उभे राहावे लागत नाही.

व्हीलचेअर तुमच्या यादीत नाही. ती तिकीट काढतानाच मागून ठेवा. ‘मला चालता येते’ असे आई म्हणेल. तिला सांगा की खुर्ची चालण्यासाठी नव्हे, रांगेत ताटकळू नये म्हणून हवी आहे. ओळखपत्रे, लसीची प्रमाणपत्रे, बोर्डिंग पास आणि रुग्णालयाचे पत्र यांच्या छापील प्रती एका पारदर्शक पाकिटात घ्या आणि फोनमध्ये छायाचित्रेही ठेवा. रांगेत नेटवर्क शोधत गेलेला प्रत्येक मिनिट गर्दीत गेलेला असतो. पोहोचायच्या ठिकाणी चाचणीचे वा अलगीकरणाचे काही नियम असतील तर ते निघण्याच्या दोन दिवस आधी आणि पुन्हा आदल्या संध्याकाळी तपासा, कारण लाटेच्या काळात ते आठवड्यात बदलतात.

भावाकडे पोहोचल्यावर पहिले काही दिवस तुम्ही तिघे एका खोलीत राहा, जेवण वेगळे घ्या आणि भावाशी बोलताना खिडक्या उघड्या ठेवा. तिसऱ्या आणि पाचव्या दिवशी घरच्या घरी अँटिजेन चाचणी (नाकातील स्रावाची झटपट होणारी चाचणी) करून घेता येईल, पण एकदा निगेटिव्ह आली म्हणून सैल होऊ नका. संसर्गाच्या सुरुवातीच्या दिवसांत ही चाचणी चुकू शकते.

यादीतली शेवटची वस्तू पत्त्यांचा जोड आहे आणि तिच्यापुढे तुम्हीच प्रश्नचिन्ह काढून ठेवले आहे. तो खोडू नका. एका खोलीतले ते दिवस एका आजीला आणि नऊ वर्षांच्या नातवाला काढायचे आहेत.